छतावरचे सहा झरोके

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला मी कणसं भाजत उभा असलो की कोणीतरी हमखास विचारतं, "तुमच्याकडे म्हणे बोट होती? कॅनॉलवरची? आम्हीही विचार करतोय, काही टिप्स द्या ना." मी देतो. कमी बोलणारा माणूस म्हणून मी ओळखला जातो, पण या विषयावर दहा-पंधरा मिनिटं नीट बोलतो.

मी सांगतो की कॅनॉलची अरुंद बोट म्हणजे चाळीतल्या तीन खोल्या एकापुढे एक ठेवून पाण्यात सोडल्यासारखी. रुंदी सात फूट, लांबी मात्र बसएवढी. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की ती उजवीकडे जाते, आणि हे हाताला कळायला एक अख्खा उन्हाळा जातो. वळताना नाकाकडे बघू नका, शेपटीकडे बघा, कारण काठाला तीच घासते. वेग माणसाच्या चालण्याइतका. मागे लाट उठून काठावर थडकायला लागली की समजायचं, आपण घाईत आहोत. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या दांड्यावर ग्रीसची पितळी डबी असते, तिला रोज अर्धा आटा द्यायचा. विसरलात तर इंजिनाखाली पाणी साचतं. पूल बुटके असतात, म्हणून शेगडीच्या धुराड्याचा वरचा नळ काढून आडवा ठेवायचा. गाद्यांखालच्या फळ्यांना भोकं पाडून घ्या, नाहीतर आठवड्याभरात बुरशी येते. आणि लॉकमध्ये खाली उतरताना दोरी कधीही बांधायची नाही.

लॉक म्हणजे दोन दारांची, पाण्यानं भरलेली एक खोली. कॅनॉलचं पाणी जिथे पायरी उतरतं तिथे बोट या खोलीत घालायची, मागचं दार बंद होतं, पाणी सोडून देतात, आणि बोट भिंतीच्या कडेनं हळूहळू खाली जाते. दोरी बांधलेली असेल तर पाणी जातं आणि बोट भिंतीला लटकते. म्हणून दोरी हातात धरायची आणि सोडत राहायची.

"हवा खेळती ठेवा," असंही मी शेवटी म्हणतो. पण ते गाद्यांबद्दल. झरोक्यांबद्दल मी पिकनिकला आजवर कोणाला काही सांगितलेलं नाही. ते आता लिहितो.

मी सोलापूरचा. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड. पोहायला मी अमेरिकेत, वयाच्या तिसाव्या वर्षी शिकलो. अशा माणसानं बोट का घ्यावी, हे माझ्या बायकोलाही कधी पटलं नाही. आम्ही न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात, रॉचेस्टरला राहायचो. मूल नव्हतं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. माझी नोकरी कारखान्यांच्या बॉयलरची. जाळ नीट जळतोय का, धूर बाहेर जातोय का, खोलीत पुरेशी हवा येते का, हे तपासायचं आणि कागदावर सही करायची. ही माहिती मी मुद्दाम इथे देतोय. पुढे ती लपवावीशी वाटेल म्हणून.

बोट एका म्हाताऱ्या इंग्रज गृहस्थाची होती. त्यानं ती आपल्या देशातल्यासारखी बांधून घेतली होती, आत कोळशाची छोटी लोखंडी शेगडी, छतावर पितळी टोप्या घातलेले सहा झरोके, पुढच्या दाराच्या तळाशी जाळी. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं ती विकायला काढली. मी बघायला म्हणून गेलो आणि घेऊन आलो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. त्या काळी त्या कॅनॉलवर फारशी वर्दळ नसायची. मालवाहू बोटी जवळजवळ संपल्या होत्या, आणि काठाची गावं पाण्याकडे पाठ करून बसलेली. गिरण्यांच्या फुटक्या खिडक्या, गवतात बुडालेले धक्के. तास न् तास माणूस दिसायचं नाही. मला ते आवडायचं.

दोन-तीन वर्षांनी आई आमच्याकडे कायमची राहायला आली. तिनं तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. वडील गेल्यावरही सोलापुरातल्या घरात एकटी राहून ती दहावीच्या पोरांना फुकट शिकवायची. मोठा भाऊ त्याच गावात होता, पण मीच हट्टानं तिला बोलावलं. आम्ही दोघं नोकरीला, ती दिवसभर अपार्टमेंटमध्ये. तीन महिन्यांत तिनं घरातल्या सगळ्या घड्याळांमधला फरक काढला होता. "स्वयंपाकघरातलं चार मिनिटं पुढे आहे," ती सांगायची, "आणि तुझं मनगटावरचं दोन मिनिटं मागे. ऑफिसात तुला कोणी बोलत नाही का रे?"

ऑक्टोबरात कॅनॉल बंद व्हायच्या आधी बोट पूर्वेकडच्या एका यार्डात न्यावी लागायची. तिथे ती पाण्याबाहेर काढून हिवाळाभर ठेवायची. एरवी मी एकटाच जायचो. त्या वर्षी म्हटलं, आईला नेऊ. पाच-सहा दिवसांचा प्रवास, दिवसा चालवायची, अंधाराआधी काठाला बांधायची. शनिवारी बायको गाडी घेऊन यार्डाजवळ येणार होती.

पहिल्याच दुपारी वारं सुटलं. आई आत शेगडीजवळ बसली होती, डोक्याला मफलर, त्यावर माझी कानटोपी. मी दांडा धरून मागच्या उघड्या डेकवर उभा. मधूनमधून दार लोटून ती मला सांगायची.

"अरे, वरनं वारं येतंय. थेट कानात."

"ते झरोके आहेत. असू देत."

"असू देत काय? माझा कान ठणकायला लागला तर तुझी इंग्रज डॉक्टरीण येणारे का इथे?"

आमच्या घरात वाऱ्याची भीती फार. न्हाल्यावर वारं लागतं, झोपेत वारं लागतं, बाळंतिणीला लागतं, म्हाताऱ्याला लागतं. खिडकीच्या फटीत कागदाची घडी सारणं हे मी लहानपणी वडिलांना बघत शिकलो. थंडी सुरू झाली की ते घरभर हिंडून फटी बुजवायचे, आणि त्या कामात मी त्यांचा मदतनीस असायचो. त्या संध्याकाळी बोट बांधल्यावर मी माझे दोन जुने बनियन फाडले, सहाही झरोक्यांत आतून बोळे कोंबले, दाराच्या जाळीवर वर्तमानपत्र चिकटवलं. कोळसा पुरवायचा म्हणून शेगडीची हवा घ्यायची फट बारीक केली. धुराड्याचा वरचा नळ पुलांसाठी काढलेला होताच. आई म्हणाली, "आता कसं घरासारखं वाटतंय."

मी रोज हेच तपासून सह्या करायचो. त्या संध्याकाळी मला ते आठवलं नाही, असं म्हणता येत नाही. आठवलं. मनात म्हटलं, कारखाना वेगळा, घर वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचंही डोकं दुखत होतं. आईला मळमळत होतं. "पित्त झालंय," ती म्हणाली, आणि मलाही तेच वाटलं. आमच्याकडे डोकेदुखी आणि मळमळ एकत्र आली की दुसऱ्या कारणाचा विचारच होत नाही. तिनं पिशवीतून मोरावळ्याची बाटली काढली, मला एक फोड दिली, स्वतः दोन खाल्ल्या. मी बाहेर डेकवर गेलो आणि तासाभरात माझं डोकं उतरलं. तिचं उतरलं नाही. ती दिवसभर आत होती.

त्या दिवशी कॅनॉलवर धुकं होतं. दोन्ही काठांना पानं गळून पाण्यावर थर झाला होता, आणि बोट त्यातून जाताना मागे काळी वाट उघडायची आणि मिटायची. इंजिनाचा आवाज धुक्यात मुरायचा. दुपारी जेवायला काठाला लागलो. आईनं आमटी-भात केला होता. ताटं घेताना मी पाहिलं, तिनं तीन वाट्या मांडल्या होत्या.

"तिसरी कोणाला?"

"ती पुढे बसलीये ना, तिला."

पुढच्या दाराला लागून बाहेर पडायला आतून चढायच्या तीन पायऱ्या होत्या. तिथे कोणी नव्हतं. मी म्हटलं, "आई, कोण?"

"मला काय माहीत कोण. पाठमोरी बसते. सकाळपासून आहे. ओली झालीये बिचारी." तिच्या आवाजात भीती नव्हती. वर्गात उशिरा आलेल्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलत होती. "नाव विचारलं तर बोलत नाही. भाषा येत नसेल."

मी हसलो. म्हटलं, "आई, तू झोपेत असशील." तिनं तिसरी वाटी उचलून ठेवली. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी पाऊस. थंड, बारीक, न थांबणारा. दुपारपासून बोट एका जुन्या धक्क्याला बांधून आम्ही आतच बसलो. काठावर एक बंद पडलेली कॅनिंगची फॅक्टरी, तिच्या भिंतीवर चित्रातल्या टोमॅटोचा लाल रंग ओघळलेला. मी शेगडीत कोळसा घातला. आई बाकावर टेकून डुलक्या घेत होती. मी वाचत होतो, पण एकच ओळ परत परत. डोक्यावर कोणीतरी घट्ट पट्टा आवळल्यासारखं.

मग छतावर पावलं वाजली.

पुढच्या टोकाकडून. सावकाश. अनवाणी माणूस ओल्या पत्र्यावर चालतो तशी, टाच आधी, मग चवडा. मी हललो नाही. नकळत मोजत गेलो. चौदा. चौदावं पाऊल माझ्या डोक्यावर येऊन थांबलं. पुढे काही नाही. उतरल्याचा आवाज नाही, बोट हलली नाही. एवढी हलकी बोट, कोणी पाय ठेवला तरी झुलते. ती झुलली नाही.

मी दार उघडून बाहेर गेलो. छत पूर्ण रिकामं. सगळ्या छतावर मॅपलची पानं चिकटलेली, एकही विस्कटलेलं नाही. धक्क्यावर कोणी नाही. पावसाचा आवाज तेवढा.

आत आलो तेव्हा आई जागी होती. तिची शाल पुढच्या पायऱ्यांवर पडली होती, आणि उचलली तर ओलीचिंब. पायऱ्यांवर दाराच्या फटीतून पाणी ठिबकत असेल, आत दमट हवा होती, त्याला कारणं असतील. तेव्हा मला एकही सुचलं नाही.

"काकडत होती," आई म्हणाली. "म्हणून दिली."

चौथ्या दिवशी सकाळी आई स्वतःहून बाहेर आली. कानटोपी, मफलर, माझा कोट, हातात चहाचा पेला. चालताना तिला भिंत धरावी लागत होती. माझ्याशेजारी डेकवर उभी राहिली. थंड हवेत तिचा चेहरा हळूहळू जाग आल्यासारखा झाला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगशील?"

"विचार."

"काल दुपारी वरती कोणी चाललं. तू ऐकलंस?"

मी पाण्याकडे बघत होतो.

"चौदा पावलं होती," ती म्हणाली. "मी मोजली. डोळे मिटून पडले होते, पण जागी होते. तू पुस्तक खाली ठेवलंस आणि बाहेर गेलास. काही ऐकल्याशिवाय का गेलास?"

"दोरी बघायला गेलो होतो."

"म्हणजे तू ऐकलं नाहीस."

"नाही."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "तुझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं."

तिची मोठी बहीण शेवटची सहा-सात वर्षं भिंतीशी बोलायची. घरातली माणसं पाहुण्यांसमोर तिच्याकडून बोलून घ्यायची आणि हसायची. मग तिला मागच्या खोलीत ठेवली. आई दर सुट्टीत जाऊन तिची वेणी घालून यायची, आणि घरी आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलायची नाही. आयुष्यात तिला एकाच गोष्टीची भीती होती. ती मला लहानपणापासून माहीत होती. एक शब्द बोललो असतो तर ती भीती त्या सकाळीच संपली असती. "ऐकलं," एवढाच.

का नाही म्हणालो? मी खूप वर्षं विचार केलाय. इंजिनियर माणसानं छतावर पावलं ऐकली म्हणायची लाज वाटली, हे एक. शिवाय मीही घाबरलो होतो. आईला काही झालंय हे मानणं सोपं होतं. मलाही तेच झालंय हे मानणं अवघड.

त्याच दिवशी दुपारी मोठं लॉक लागलं. ही लॉकं जहाजांसाठी बांधलेली. आमची बोट त्यात न्हाणीत पडलेल्या पेन्सिलीसारखी. वर लॉकचा माणूस उभा, पिवळा रेनकोट, पांढरी दाढी. मी बोट आत घातली, मधल्या कड्याची दोरी भिंतीच्या पाइपाभोवती घेऊन हातात धरली. मागचं दार बंद झालं. पाणी उतरायला लागलं. ओल्या काळ्या भिंती दोन्ही बाजूंनी वर चढू लागल्या, शेवाळ, त्यातून ठिबकणारं पाणी, आणि वरती आकाशाची पट्टी बारीक होत चाललेली.

पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. आई पुढच्या टोकाला उभी होती. एक पाय काठावर. हात पुढे केलेला.

"अगं, पडशील," ती म्हणत होती. "हात दे. दे इकडे."

तिच्यासमोर भिंत आणि खाली फेसाळणारं पाणी. मी ओरडलो. दोरी सोडली तर बोट आडवी होणार, धरून ठेवली तर आईपर्यंत पोचणार नाही. लॉकचा माणूस वरून ओरडला, घंटा वाजली, पाणी थांबलं. मी दोरी टाकली आणि छतावरून धावलो. तिच्या कोटाची कॉलर हातात आली. आम्ही दोघं पुढच्या डेकवर बसलो, नव्हे, पडलो. तिचे गाल लाल होते. इतके लाल मी कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, थंडी.

लॉकचा माणूस शिडीनं खाली उतरला. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता सरळ केबिनमध्ये शिरला. दोन मिनिटांत बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात माझ्या बनियनचा काजळलेला बोळा होता.

"हे कोणी केलं?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"मी."

"शेगडी पेटलेली असताना? किती दिवस?"

"तीन."

तो फार हळू बोलला. त्याच्या लहानपणी कॅनॉलवरच्या बोटींवर कुटुंबं राहायची, आणि थंडीत एखाद्या सकाळी बोटीचं दार उघडायचंच नाही. बाहेरून फोडायला लागायचं. आत सगळे झोपल्यासारखे, गाल गुलाबी. वाचलेले लोक सांगायचे की कोणी हाका मारत होतं, कोणी वर चालत होतं. "कोंडलेल्या कोळशाच्या वायूला वास नसतो," तो म्हणाला. "तो माणसाला आधी पाहुणे दाखवतो. तुझी आई ठीक आहे. तिचं डोकं ठीक आहे. हे तिला सांग. लोकांना वाटतं आपण वेडे झालो. तिला नीट समजावून सांग."

आईला इंग्रजी वाचता यायचं, पण अमेरिकन बोलणं तिला पकडता यायचं नाही. तिनं माझी बाही ओढली.

"काय म्हणतोय तो?"

मी त्या माणसाच्या दाढीवरून गळणाऱ्या पाण्याकडे बघत होतो. "काही नाही," मी म्हणालो. "थंडी फार आहे, आत बसू नका, हवेवर बसा म्हणतोय."

तो माझं तोंड निरखत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण मी किती कमी बोललो हे कळलं असावं. "सांगितलंस?" त्यानं विचारलं. मी मान डोलावली.

तो वर गेल्यावर मी उरलेले पाच बोळे काढले, जाळीवरचा कागद फाडला, आणि सगळं शेगडीत घातलं.

त्यानंतर ती बाई आली नाही. पावलंही वाजली नाहीत. पाचव्या दिवशी आईचं डोकं उतरलं, तिनं पोळ्या केल्या, लॉकची लांबी, रुंदी, खोली विचारून त्यात किती पाणी मावत असेल ते तोंडी काढलं. मला वाटलं, झालं, संपलं. संपलं नव्हतं. ती बाई येत होती तोवर आईला आपल्या शुद्धीची नुसती शंका होती. ती यायची थांबली तेव्हा शंका पक्की झाली.

शनिवारी बायको डबे घेऊन आली. आईनंच तिला सगळं सांगितलं, काही न लपवता, अगदी वाट्यांसकट.

"आई, आता दिसतंय का कोणी?" बायकोनं विचारलं.

"नाही. दिसायची. तीन दिवस दिसली."

यार्डाच्या पार्किंगमध्ये बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, त्यांना न्यूरॉलॉजिस्टला दाखवायला हवं. आणि मला त्यांना दिवसभर एकटं ठेवायची भीती वाटते. गॅस चालू राहिला तर?"

"बघू," मी म्हणालो.

डॉक्टरकडे मी दुभाष्या होतो. शंभरातून सात सात वजा करायला सांगितल्यावर आईनं इतक्या झपाट्यानं केले की डॉक्टर हसला. मग त्यानं मला विचारलं, "नवीन औषध? रंग, धूर, हीटर, असं काही?" मी म्हटलं, नाही. आईनं विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "नेहमीचंच." रोगाचं निदान काही झालं नाही. लक्ष ठेवा, एवढंच सांगितलं. लक्ष ठेवा हे मात्र मी तिला भाषांतर करून सांगितलं.

महिन्याभरानं ती म्हणाली, "माझं तिकीट काढ."

"आई, तू इथे राहायला आलीस ना?"

"परक्या मुलुखात डोकं फिरलं तर तुमचे हाल होतील. तिकडे निदान भाषा कळणाऱ्यांत फिरेल." ती हसली. "थोरल्याकडे मागची खोली आहे. मी पाहिलीये."

विमानतळावर मी तिची बॅग चढवली. तोपर्यंतही वेळ होता.

भावाची पत्रं यायची. आईनं शिकवणी बंद केली, त्यानं लिहिलं. म्हणते, चुकीचं शिकवलं तर पोरांचं नुकसान. बाकी तब्येत बरी. पण दारात कोणी आलं की आधी घरातल्यांना विचारते, तुम्हालाही दिसतोय ना? मग "या" म्हणते. आम्हाला सवय झाली आहे. मी ती पत्रं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचो. बोट पुढच्याच वसंतात विकली. घेणाऱ्याला झरोक्यांबद्दल सगळं नीट समजावून सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं.

कंपनीत दरवर्षी नव्या कामगारांना सुरक्षेचं भाषण द्यायचं काम माझ्याकडे होतं. छापील कागद असायचा. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणं, गोंधळ, भास. मी तो चार वर्षं सरळ वाचला. पाचव्या वर्षी "भास" या शब्दाशी येऊन पुढे वाचता येईना. कागद शेजारच्याच्या हातात दिला, घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. बराच वेळ पायरीवरचा गालिचा नखानं खरवडत होती.

"मी त्यांना वेडं ठरवलं," ती म्हणाली. "आणि तुम्ही मला ठरवू दिलंत." मग म्हणाली, "फोनवर सांगायचं नाही. जा."

सोलापूरला भावाच्या घरी आई गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. सकाळचे दहा वाजले असतील. ऊन तापायला लागलं होतं. मी समोर पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. बनियन, शेगडी, लॉकचा माणूस काय म्हणाला ते, शब्द न् शब्द. तिचा हात थांबला नाही. खडे बाजूला पडत होते.

"सगळेच झरोके बुजवलेस?"

"हो."

"माझ्यासाठी."

"हो."

"ते मी समजू शकते. मीच सांगितलं होतं कानाला लागतंय." तिनं एक खडा उन्हात धरून बघितला, टाकला. "आणि पावलं?"

"ऐकली होती. चौदा."

तिचा हात आता थांबला. "दोघांना एकाच वायूनं एकच बाई चालवून दाखवली? तेवढीच पावलं?"

"ते मला सांगता येणार नाही, आई. मला माहीत नाही."

"बरं." खाली रस्त्यावर कोणीतरी रिक्षा सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. "मला एवढं सांग. मी विचारलं तेव्हा तू बाहेर होतास ना? मोकळ्या हवेत?"

"हो."

"दाढीवाला बोलला तेव्हाही?"

"हो."

"डॉक्टरकडे?"

"तिथेही."

"म्हणजे तुझं डोकं साफ होतं," ती म्हणाली. रागानं नाही. फळ्यावरचं उत्तर तपासावं तसं. सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, आणि गुडघ्यावर जोर देऊन उठली. मी हात पुढे केला तो तिनं घेतला नाही.

"थोरल्याला बोलाव. त्याच्या बायकोला बोलाव. वरच्या मजल्यावर जोशीबाई आहेत, त्यांच्यासमोर मला दोनदा 'आता कोणी दिसतंय का' असं विचारलंय सगळ्यांनी, त्यांनाही बोलाव. आणि हे सगळं परत सांग. उभं राहून. मोठ्यानं."

"आई—"

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "मधलं काही गाळलंस तर मी थांबवीन."

मी आत जाऊन भावाला हाक मारली.